तारेवरचा कागद

कागद काही केल्या हलेना.

नखाएवढा तुकडा तो. मधोमध दुमडून तारेवर उलटा बसवलेला, घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकावं तसा. नॅन्सीने ट्यूनिंग फोर्क रबराच्या ठोकळ्यावर मारला आणि त्याचा दांडा सोनोमीटरच्या लाकडी खोक्यावर टेकवला. खोकं गुणगुणलं. वरची तारही गुणगुणत असणार, कारण सूर जुळला होता. त्याबद्दल नॅन्सीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कागद मात्र ढिम्म. बसलाय तो बसलाच आहे.

तसा प्रयोग साधा. तारेच्या टोकाला वजनं लटकवलेली, तारेखाली सरकणारे दोन लाकडी पूल. दोन पुलांमधल्या तारेचा सूर फोर्कच्या सुराशी जुळला की तार आपोआप थरथरते आणि मधोमध बसवलेल्या कागदाला उडवून लावते. कागद पडला की तारेची लांबी मोजायची, गणित करायचं आणि फोर्क सेकंदाला किती वेळा थरथरतो ते काढायचं. फर्स्ट इयरच्या परीक्षेत चिठ्ठी उचलल्यावर सोनोमीटर निघाला की पोरं एकमेकांना टाळी देतात. नॅन्सीलाही सकाळी बरं वाटलं होतं. सुराचं काम, म्हणजे आपलंच काम.

आता निम्म्याहून जास्त वेळ सरला होता आणि तिच्या उत्तरपत्रिकेवर एक आकृती, तिला नावं, आणि खाली रिकामा तक्ता. बस्स.

प्रयोगशाळाही परकी. नॅन्सी शिरूरच्या कॉलेजची, पण मागे राहिलेल्या मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा या वेळी दौंडला ठेवलेली. आणि मागे राहायला ती काही ढ नव्हती. डिसेंबरात तिची परीक्षा हुकली होती ती कीर्तनापायी. शिरूरच्या मिशन कंपाउंडात पिढ्यान्‌पिढ्या येशूचं कीर्तन चालत आलंय, पेटी, तबला, टाळ सगळं साग्रसंगीत. नॅन्सीचे वडील गिदोन आख्यानाला उभे राहिले, की ज्याला ताल म्हणजे काय ते ठाऊक नाही तोसुद्धा मांडीवर थाप धरतो. नाताळाआधीच्या दिवसांत गावोगावची बोलावणी. कोरेगाव भीमाचं कीर्तन आटोपून पहाटे निघाले, तर नगर रोडवर ट्रकच्या रांगेत गाडी जी अडकली ती अडकलीच. नॅन्सी शिरूरला पोहोचली तेव्हा प्रयोगशाळेचं दार बंद झालेलं.

आई, कृपाबाई, स्पष्ट बोलली. "देवाचं काम केलंस, चांगलं केलंस. पर घरात दोघी बहिणी शिकत्यात तुझ्या मागं. आता एकदाच बस परीक्षेला. निघाली तर शीक फुडं. न्हाई निघाली तर भिमाजीमामाकडं जा, कुरकुंभला. पॅकिंगला."

भिमाजीमामा कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात शिफ्टला. त्याने सुपरवायझरच्या कानावर घालूनही ठेवलं होतं. आज सकाळी मोटारसायकलवरून कॉलेजच्या फाटकाशी सोडताना म्हणाला, "नॅन्से, संध्याकाळपतुर जागा धरून ठिवतो म्हनलाय सायब. मला बाहेर आल्यावर नुसतं त्वांड दाव. त्वांड पडलेलं असलं तर मी कायबी इचारनार न्हाई, गप टोपी आन् हातमोजे घिऊन येतो."

"मामा, असं बोलतात का परीक्षेला जाताना?"

"मग काय म्हनू? देव तुझं भलं करो! ते तर तुझा बाप पेटीवर म्हंतो, माझ्यापरास चांगलं."

तेव्हा ती हसली होती.

आता तिने पुन्हा फोर्क मारला, पुन्हा टेकवला. मनातल्या मनात म्हणाली, प्रभू, एवढा कागद हलव. आणि म्हणता म्हणता तिची तिलाच लाज वाटली. एवढा मोठा देव, आणि त्याला काम सांगायचं ते नखाएवढा कागद हलवायचं! पण मागणं काही तिने परत घेतलं नाही.

"ए शिरूर," शेजारच्या टेबलावरून कुजबुज आली.

शेजारी विक्रम. यवतचा, ढाब्यावाल्याचा मुलगा. त्यालाही सोनोमीटरच आलेला. सकाळी रांगेत उभं असताना त्याने स्वतःची ओळख करून दिली होती ती अशी: "मी हितला जुना मानूस. तिसऱ्यांदा बसतोय. ह्या भिंतीला रंग दिला तवा मला इचारून दिला."

"काय?" नॅन्सीने ओठ न हलवता विचारलं.

"कागूद उडंना ना? तो न्हाईच उडायचा. माझाबी न्हाई उडला." त्याने स्वतःच्या पेपराकडे भुवई उडवली. तक्ता भरलेला, वरपासून खालपर्यंत. "फोर्कवर चिकटपट्टी लावलीया बघ. तिच्याखाली पाचशे बारा हाय. समद्यांला ठावं हाय. उलटं गणित कर, लांबी काढ, लिहून टाक. नुसतं कागदाकडं बघत बसून काय करती?"

"आणि मॅडमनी विचारलं तर?"

"त्या इचारत्यात व्याख्या. व्याख्या पाठ हाय ना? मग झालं तर."

मागे पायांचा आवाज नव्हता, तरी नॅन्सीच्या मानेवर काटा आला. बाहेरून आलेल्या परीक्षक अनुपमा मॅडम अशाच यायच्या, कापसाच्या पावलांनी. ठेंगण्या, केसांचा घट्ट अंबाडा, हातात लाल पेन. त्या विक्रमच्या टेबलाशी थांबल्या. पेपर उचलला, तक्त्यावरून नजर फिरवली, उत्तर पाहिलं. पाचशे बारा. बरोब्बर.

"अनुनाद म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

विक्रमने छाती भरून घेतली आणि व्याख्या एका दमात म्हणून दाखवली, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

"हं," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. विक्रमने नॅन्सीकडे न बघता टेबलाखाली अंगठा वर केला.

मग मॅडम इकडे वळल्या. रिकामा तक्ता पाहिला.

"काय झालं? चालत नाहीये?"

"चालतोय मॅडम. म्हणजे, सूर जुळलाय. पण कागद पडत नाही."

"कागद पडल्याशिवाय सूर जुळला हे कसं कळलं तुला?"

"कानाला कळतं, मॅडम."

"कानाला मार्क नाहीत. रीडिंगला आहेत. मी खिडकीपासची टेबलं उरकून येते, तोवर रीडिंग दिसलं पाहिजे. रीडिंग नाही तर हा प्रयोग झालाच नाही असं मी धरणार." आणि त्या गेल्या, तशाच, आवाज न करता.

नॅन्सीने पूल जरासा सरकवला. कागद ढिम्म. जरासा परत आणला. ढिम्म. वजनं मोजली, वजनांबरोबर ती ज्या कडीला लटकतात तिचंही वजन धरायचं असतं, ते पोरं विसरतात, पण तिने धरलं होतं. कागद बदलला. नवा हलका कागद फाडून दुमडला. तोही पहिल्याचाच भाऊ.

प्रयोगशाळेतला शिपाई, नवनाथ, टेबलावरची वजनं गोळा करत चालला होता. तो जवळ येऊन थांबला. त्याच्या डोळ्यांत दया होती, आणि तेच तिला नको झालं.

"ताई, ह्यो फोर्क मेलाय. मागल्या साली खाली पडला हुता. बदलून देऊ का? पर दुसरा आनायचा म्हंजी कपाट उघडायचं, सायन्सच्या सरांची सही घ्यायची…"

"नको, दादा. फोर्क चांगला आहे. आवाज स्वच्छ आहे त्याचा."

"मग लिहा की कायतरी. कोरा पेपर नका दिऊ. कोऱ्याला त्यांनाबी काय देता येत न्हाई."

तो पुढे गेला. खिडकीपाशी मॅडम एका मुलीला भिंगाबद्दल काहीतरी विचारत होत्या, आणि ती मुलगी रडायच्या बेतात होती.

नॅन्सीने पेन्सिल घेतली. निदान कानाने लावलेल्या तारेची लांबी मोजावी म्हणून पट्टी लावली. सत्तावीस पॉइंट सहा. सूत्रात घातली, कच्च्या कागदावर गणित केलं. उत्तर आलं दोनशे त्रेपन्न.

तिने पुन्हा केलं. दोनशे त्रेपन्न.

पाचशे बाराच्या निम्मं. जवळजवळ निम्मं. म्हणजे लांबी निम्मी केली की झालं. तेरा पॉइंट आठ. पेन्सिल आपसूक तक्त्यावर गेली आणि पहिल्या घरात लिहून आली: १३.८. दुसऱ्या घरात काय लिहायचं तेही तिला कळलं होतं. अगदीच एकसारखं नको, तेरा पॉइंट सात. तिसऱ्यात पुन्हा आठ. किती सोपं होतं ते! विक्रम म्हणाला तसंच. पेन्सिल दुसऱ्या घरावर टेकली आणि तिथेच थबकली.

कीर्तनात मागे साथीला उभं राहायचं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पुढचा एक ओळ टाकतो, मागच्याने ती उचलायची. आणि गिदोनचा साथीदारांना एकच दंडक. ओळ ऐकू आली नाही तर गप राहा. टाळ वाजव, मान हलव, पण अंदाजाने ओढू नकोस. तू अंदाजाने ओढलंस की समोरचा माणूस घसरतो, त्याच्या मागं मी घसरतो, आणि देवाचं नाव मधल्या मध्ये राहतं. नॅन्सी सातवीत असल्यापासून त्यांच्या मागे उभी होती. न ऐकलेली ओळ तिने कधी ओढली नव्हती.

तिने त्या १३.८ वर आडवी रेघ मारली. रबर हाताशी होतं, पण रबर तिने घेतलं नाही. आता पेपर कोराही राहिला नव्हता. त्यावर एक खोडलेला आकडा होता, आणि लाल पेन खिडकीपासून एक टेबल अलीकडे आलं होतं.

तिने डोळे मिटले. फोर्क मारला, दांडा कानामागच्या हाडाला लावला. सूर डोक्यात भरला. ती घशातल्या घशात, कुणाला ऐकू जाणार नाही अशी, त्याच्याबरोबर गुणगुणली. जुळला. मग बोटाने तार छेडली आणि तारेबरोबर गुणगुणायला गेली.

आणि तिचा आवाज खाली उतरला.

तिने डोळे उघडले. पुन्हा केलं. फोर्कला गळा वर जायचा. तारेला खाली, वडिलांच्या जागी.

आता काय झालं होतं ते ऐका. गिदोन गाणार पुरुषाच्या भारदस्त आवाजात, आणि नॅन्सी तोच सूर उचलणार वरच्या सप्तकात. इतकी वर्षं. खालचा सा आणि वरचा सा तिला दोन वाटतच नव्हते. बापाने द्यायचा आणि लेकीने घ्यायचा तो एकच सूर. दुसऱ्या कुणी तार लावली असती तर सरांनी सांगितल्याप्रमाणे पूल आधी एकमेकांना चिकटवून, मग हळूहळू लांब करत नेले असते, आणि कागद केव्हाच पडला असता. नॅन्सीने तसं केलंच नव्हतं. तार छेडली, कानाने ओळखली, पूल थेट नेऊन ठेवले. आणि ठेवले ते बापाच्या सुरावर, फोर्कच्या सुराच्या एक सप्तक खाली. लांबी दुप्पट.

पण मग कागद? सूर सप्तकभर खालचा का असेना, तार गुणगुणत तर होती. तिच्या बोटाला कळत होतं. मग कागद का पडत नव्हता?

तिने तारेकडे अशी टक लावली, जणू तार काही बोलणारच आहे. लहानपणी कंपाउंडात दोघी जणी दोरीची दोन टोकं धरून फिरवायच्या. सावकाश फिरवली की दोरीला एकच मोठं पोट येतं. जोरात फिरवली की दोन पोटं येतात, एक इकडे एक तिकडे, आणि मधली जागा, बरोब्बर मधली, जागच्या जागी राहते.

तिचा हात कागदाकडे गेला. तिने तो मधून उचलला आणि डाव्या पुलाच्या बाजूला, चौथाईवर, नेऊन बसवला. पहिल्यांदा तो खालीच पडला. दुसऱ्यांदा बसला.

"हं, दाखव," मागून आवाज आला.

मॅडम उभ्या होत्या. त्यांची नजर कागदावर नव्हती, पेपरावर होती. लाल पेनचं टोक त्या खोडलेल्या आकड्यावर.

"हे काय आहे?"

शेजारी विक्रम वही पिशवीत भरता भरता थांबला. डोळ्यांनी तिला खुणावत होता: चुकून लिहिलं म्हण, चुकून.

"खोटं होतं, मॅडम," नॅन्सी म्हणाली.

"म्हणजे?"

"कागद पडलेला नव्हता. उलटं गणित करून लिहिलं होतं मी. म्हणून खोडलं."

मॅडमनी पेनचं टोक आकड्यावरून उचललं.

"तुला माहीत आहे ना, हे मी वर लिहून पाठवू शकते?"

"हो, मॅडम."

"मग खोटं रीडिंग सोडलं, तर आता तुझ्याकडे खरं काय आहे?"

नॅन्सीने फोर्क उचलला, मारला. फार जोरात मारला. दांडा खोक्यावर टेकवला.

कागद हलला नाही.

मग दिसलं, घाबरून तिने दांडा तिरका धरला होता. तिने तो सरळ केला, पुन्हा मारला, हळू, टाळाचा पहिला ठोका द्यावा तसा, आणि टेकवला.

कागद उडाला. उडून मॅडमच्या साडीच्या निऱ्यांवर पडला.

मॅडमनी तो चिमटीत उचलला. "हा मध्ये बसवायचा असतो."

"मध्ये पडत नाही, मॅडम. मध्ये मी सकाळपासून बसवतेय. मी तार एक सप्तक खाली लावलीये, चुकून. म्हणजे दुप्पट लांब. त्यामुळे तिची दोन पोटं होताहेत, दोरी जोरात फिरवल्यावर होतात तशी. मधला भाग हलतच नाही."

"त्या न हलणाऱ्या जागेला काय म्हणतात?"

व्याख्या डोक्यातून पार पुसली गेली होती. "नोड," ती शेवटी म्हणाली. "मराठीत… आत्ता आठवत नाही."

"निस्पंद." मॅडमनी कागद तिच्या तळहातावर ठेवला. "पूल जवळ आणून सुरुवात का नाही केलीस? शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं. कानावर भरवसा ठेवला."

"कान चांगला आहे. पद्धत वाईट आहे. पद्धतीचे मार्क मी कापणार, सांगून ठेवते." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग जमा झालेल्या पेपरांच्या गठ्ठ्याला दोरी गुंडाळणाऱ्या नवनाथकडे. "नवनाथ, किती वेळ लागेल गठ्ठा बांधायला?"

नवनाथने हातातल्या दोरीकडे पाहिलं, नॅन्सीकडे पाहिलं, आणि बांधलेली गाठ सोडली. "लागंल की मॅडम. गाठ नीट बसंना."

"तेवढ्यात तीन रीडिंग घे. नीट."

नॅन्सीने पूल एकमेकांपाशी आणले. कागद मधोमध. फोर्क. पूल केसभर लांब. फोर्क. केसभर लांब. तिला वाटत होतं आपला श्वास लागूनच कागद पडेल, म्हणून ती तोंड बाजूला वळवून श्वास घेत होती. कागद थरथरला. अजून केसभर. पडला. पट्टी लावली: तेरा पॉइंट नऊ. लिहिलं. पुन्हा पहिल्यापासून. चौदा. पुन्हा. तेरा पॉइंट नऊ. घामाचा थेंब पेपरावर पडला, तो मनगटाने पुसला. गणित. पाचशे दोन.

पाचशे बारा नाही. पाचशे दोन. तिने तसंच लिहिलं आणि पेपर पुढे केला.

मॅडमनी उत्तर पाहिलं. मग गठ्ठ्यातला विक्रमचा पेपर, सगळ्यात वरचा, जरासा सरकवून त्यावरचं पाचशे बारा पाहिलं. विक्रम पिशवीत पट्टी शोधू लागला. पट्टी त्याच्या हातातच होती.

"या खोक्यावर मी स्वतः शिकले," मॅडम कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "मला चारशे अठ्ठ्याण्णव आलं होतं." आणि नॅन्सीच्या पेपरावर सही केली. मार्कांच्या चौकोनावर हात आडवा धरून आकडा लिहिला. "मार्क सांगायचे नसतात. पण या परीक्षेला पुन्हा नाव नोंदवायची तसदी तुला घ्यावी लागणार नाही. आणि सप्तक म्हणालीस ते कुठे शिकलीस? गाण्याच्या क्लासला?"

"कीर्तनात, मॅडम. वडिलांच्या मागे."

"अस्सं," मॅडम म्हणाल्या. पेन टोपणात घातलं. "जा आता."

बाहेर उन्हाने डोळे दिपले. फाटकाशी भिमाजीमामा मोटारसायकलला टेकून उभा होता, फोन कानाला. तिला येताना पाहून त्याने फोनवर हात ठेवला आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघू लागला. तोंड घामेजलेलं, केस विस्कटलेले, डोळे लाल. त्याला काही अंदाज येईना.

"नॅन्से, हे कसलं त्वांड म्हनायचं? सायब लाइनवर हाय. हां म्हनू का न्हाई म्हनू?"

"नाही म्हणा, मामा."

"नक्की? मार्क सांगितलं का?"

"सांगितले नाहीत. पण नाही म्हणा."

मामाने अजून एकदा तिच्याकडे बघितलं. मग फोनवरचा हात काढला आणि रस्त्यावरचे लोक वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाला, "हालो सायब? ती पोरगी न्हाई यायची. न्हाई न्हाई, आजारी न्हाई. कालिजात जातीया."